मास्तरांचं मागचं चाक

मास्तरांनी शिवलेली पॅन्ट अंगावर चढली की माणूस आपोआप ताठ चालतो, असं त्यांची गिऱ्हाइकं सांगत. यात शिलाईचा वाटा होताच, पण खरी करामत होती ती माप घेण्यात. गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत ओढून उभं राही आणि टेप लागायच्या आधीच सांगून टाकी, "छत्तीस असेल बघा." टेपवर चाळीस येई. मास्तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणत, "छत्तीसच." गिऱ्हाईक श्वास सोडी आणि खुशीत घरी जाई. पॅन्ट अर्थातच चाळीसची कापली जाई, वर शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवलेली असे, कारण सोडलेल्या श्वासाचं पुढे काय होतं हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. याला खोटेपणा म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. गिऱ्हाइकाने बोलायचं आणि कारागिराने समजून घ्यायचं, ही त्यांच्या मते साधी माणुसकी होती.

स्वतः मास्तर चांगलेच ऐसपैस होते. एकशे अठरा किलो. हा आकडा डॉक्टरला आणि बायकोला ठाऊक होता, आणि दोघांनाही तो चारचौघांत काढायची बंदी होती. डॉक्टरच्याच तगाद्यामुळे त्यांनी दोन वर्षांपूर्वी डोंगरात चालवायची जाड टायरांची सायकल घेतली. डॉक्टरला वाटलं होतं, वजन उतरेल. वजन काही उतरलं नाही, पण दर रविवारी सकाळी मुलीबरोबर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायची चटक मात्र लागली. ती पुढे, हे मागे. दर वळणावर ती थांबून मागे बघे, आणि मास्तरांना तेवढ्यासाठी आणखी एक वळण चढावंसं वाटे.

आता मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. सोमवारी ती निघणार होती. आणि नेमक्या मागच्या रविवारी, चढावर अर्ध्यातच, मागच्या चाकाचे तीन आरे टणाटण तुटले आणि चाकाने इंग्रजी आठाचा आकार घेतला. बापलेक सायकल ढकलत घरी आले. मुलगी समजुतीने म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी चालतच जाऊ या का?"

मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. चालताना त्यांना धाप लागते, मग लेक हळू चालते, मग ती काळजी करते आणि सगळी सकाळ त्या काळजीत जाते. शेवटचा रविवार असा घालवायचा नव्हता. काहीही करून शनिवारपर्यंत नवी चाकं बसवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सायकलच्या दुकानात ते पूर्ण तयारीनिशी गेले. चाकाची उंची, घेर, मधल्या दांड्याची रुंदी, सगळं टेपने मोजून नेलं होतं. दुकानदाराला सगळे चाकवाला म्हणत. कानावर पेन्सिल, हाताला ग्रीस आणि तोंडात मोजके शब्द. मास्तरांनी टांगलेलं एक चाक खाली घेतलं, त्याच्या रिमवरून अंगठा फिरवला आणि सवयीने विचारलं, "हे आटणार नाही ना?"

चाकवाल्याने नुसतं बघितलं. मग विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन किती?"

दुकानात अंगाला चिकटलेले कपडे घातलेली चार-पाच सडपातळ माणसं उभी होती. त्यांच्या कपड्यांत मायेचा पत्ता नाही, हे मास्तरांनी आल्याआल्याच हेरलं होतं. त्या सगळ्यांच्या माना आता इकडे वळल्या.

"नव्वद," मास्तर म्हणाले. "नव्वदच असेल बघा."

चाकवाल्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मास्तरांना हायसं वाटलं. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. कारागीर आहे, समजला, दोन बोटं जास्त ठेवील, असं मनाशी म्हणत ते दोन झकास, हलकी, पातळ आऱ्यांची चाकं घेऊन घरी आले. हलकी चाकं बघून त्यांचा चाकवाल्याबद्दलचा आदर वाढलाच. आतून मजबुती दिली असणार आणि वरून दिसू दिली नाही, असं त्यांनी धरलं.

शुक्रवारी एक शिवलेला कोट पोचवायला ते त्याच सायकलवरून निघाले. चौकापर्यंत स्वारी ऐटीत गेली. पुढे फुटपाथवरून खाली उतरताना मागून 'टण' असा आवाज आला. मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दोन टण एकदम आले. मग चाक ब्रेकला घासायला लागलं आणि लोक वळून बघायला लागले. येताना मास्तरांच्या एका खांद्यावर कोट होता आणि दुसऱ्या खांद्यावर सायकल.

दारात बायको काज करत बसली होती. तिने सुई कपड्यात खोचली. "वजन किती सांगितलंत त्याला?"

"नव्वद."

"नव्वद? अहो, नव्वद तर तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा नव्हतात!"

"मी सांगितलं म्हणून काय झालं? त्याने समजून घ्यायला नको? चांगलं वरपासून खालपर्यंत बघितलं त्याने मला!"

"तो शिंपी आहे का, समजून घ्यायला?"

आत मशीनमागे मुलगी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मास्तर मात्र खुर्चीत बसूनच राहिले. जगात बाकीचे धंदे असे चालत नसतील, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी ते मुलीला घेऊन पुन्हा दुकानात गेले. चूक कळली होती, तरी राग गेला नव्हता. दुकान भरलेलं होतं. त्यातून काउंटरला टेकून बँकेतले कॅशियर उभे, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. मास्तरांनी त्यांना नमस्कार केला आणि चाकवाल्याला फैलावर घेतलं.

"मी नव्वद म्हणालो आणि तुम्ही नव्वद धरलंत?"

"मग काय धरायचं?"

"डोळे आहेत ना तुम्हाला?"

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणासाठी घेताय," चाकवाला शांतपणे म्हणाला आणि मोडकं चाक घेऊन आतल्या खोलीत गेला. तिथे हवेचं मशीन धडधडत होतं. त्या आवाजावर तो ओरडला, "नवं बांधून देतो संध्याकाळपर्यंत! रुंद रिम, जाड आरे, तेही छत्तीस. भार सगळा मागे येतो. पण आरे किती ताणायचे त्यासाठी खरं वजन लागेल! जोरात सांगा, ऐकू येत नाही!"

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. सडपातळ मंडळी होतीच. कॅशियर कान देऊन होते. शंभर म्हणावं का? शंभर ऐकायला बरं वाटतं, गोल आकडा. पण शंभरच्या चाकाने ते टाकीपर्यंत पोचले नसते. शेजारी मुलगी उभी होती. ती भिंतीला टांगलेल्या पंपाकडे बघत होती, बापाकडे मुद्दाम बघत नव्हती. तिने बघायचं टाळलं, तेच मास्तरांना सोसलं नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते ओरडले,

"एकशे अठरा!"

नेमकं त्याच वेळी हवेचं मशीन बंद झालं. आकडा दुकानभर घुमला, रस्त्यावर गेला. पलीकडच्या औषधाच्या दुकानातल्या बाईने मान बाहेर काढली. कुणी हसलं नाही. उलट एक सडपातळ माणूस घसा खाकरून काउंटरवरच्या पोऱ्याला हळूच म्हणाला, "माझं मघाशी सत्तर सांगितलं ना, ते अठ्ठ्याहत्तर करा."

कॅशियर मात्र विचारात पडले होते. "मास्तर," ते म्हणाले, "मग माझी कंबर किती?"

मास्तरांची आता माघार घ्यायची स्थिती नव्हती. "बेचाळीस."

"आणि तुम्ही मला छत्तीस सांगत होतात?"

"तुम्ही सांगत होतात. मी हो म्हणत होतो."

"अहो, म्हणजे मी सहा वर्षं तयार पॅन्ट्स घेतोय छत्तीसच्या आणि कंपन्यांना शिव्या घालतोय!" कॅशियर म्हणाले. त्यांना राग आला होता की सुटल्यासारखं वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण जाताना त्यांनी पट्टा एक भोक सैल केला.

रविवारी सकाळी बापलेक निघाले. नवं चाक दिसायला अगदीच ओबडधोबड होतं, जड होतं आणि चढावर मास्तरांचा घाम काढत होतं. पण कुरकुरलं नाही. खड्ड्यांतून गेलं, दगडांवरून गेलं, मागच्या रविवारी जिथे आरे तुटले त्या वळणावरूनही गेलं. तिथे मुलगी थांबून मागे बघत होती. मास्तरांना बोलायला श्वास नव्हता, म्हणून त्यांनी फक्त घंटी वाजवली.

टाकीच्या सावलीत दोघं टेकली. खाली सगळं गाव पसरलं होतं. मग मुलीने पाण्याची बाटली पुढे केली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, मी गेल्यावर तुम्हाला करमेल ना?" आणि बापाला उत्तर जड जाऊ नये म्हणून लगेच स्वतःच सांगून टाकलं, "चार दिवसांत सवय होईल बघा."

मास्तरांच्या ओठांवर "चारच दिवस" आलं होतं. आयुष्यभर ते असंच म्हणत आले होते. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"नाही गं," ते म्हणाले. "मला अजिबात करमणार नाही."

मुलीचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. "मलाही नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मास्तरही रडले, अगदी मोकळेपणाने. शिंप्याच्या घरातली दोन माणसं, पण रुमाल एकाच्याही खिशात नव्हता.