क्रोमच्या पट्टीवरचे खड्डे

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी निवृत्तीनंतर कुणी एखादी केस सांगा म्हटलं, की मला हटकून आठवते ती एका जुन्या गाडीच्या क्रोमच्या पट्ट्यांची तक्रार. ऐकणारे हसतात. मी हसत नाही, कारण त्या पट्ट्यांपायी एक ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं.

माझे वडील पुण्याहून इंजिनिअर म्हणून श्टुटगार्टला आले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पुढे मी इथल्याच पोलिसांत भरती झालो आणि तपास शाखेतून निवृत्त झालो. बायको जर्मन आहे. तिच्या मते मी बोलतो जर्मनमध्ये आणि चिडतो मराठीत, आणि ते खरं आहे. ठाण्यात कुणी मराठी माणूस आला की ड्यूटीवरचा सहकारी सरळ माझ्या टेबलाकडे बोट दाखवायचा, "तुमच्याकडचे आहेत, तुम्हीच बघा."

एका सकाळी असेच एक गृहस्थ आले. घर श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, नोकरी जवळच्या गेर्लिंगेन गावात, पेशाने इंजिनिअर. त्यांच्याकडे त्यांच्या जन्माआधीची एक गाडी होती. अशा गाडीला इथे ओल्डटायमर म्हणतात आणि घरच्या वडीलधाऱ्यासारखी जपतात. मुलीने लग्नाच्या दिवशी त्याच गाडीतून उतरायचं, असं त्यांनी फार पूर्वीच ठरवलं होतं. फक्त खिडक्यांखालच्या क्रोमच्या पट्ट्यांना गंजाचे बारीक खड्डे पडले होते. त्या उतरवून नीट करायचं काम होणाऱ्या जावयाने अंगावर घेतलं. मुलगा जर्मन, त्यालाही जुन्या गाड्यांचं वेड.

"आल्झो, स्पष्टच सांगतो साहेब," बोलण्यात मधूनच जर्मन शब्द पेरत गृहस्थ म्हणाले, "त्याने पट्ट्या बदलल्यात. काम झाल्यावर मी स्वतः बघितल्या, आरशासारख्या होत्या. गुंडाळून तळघरात ठेवल्या. काल उघडतो तर तांबूस रंग आणि खड्डेच खड्डे! तळघराची एक चावी आमच्या घरात, दुसरी त्याच्याकडे."

"पण तो असं का करेल?"

"याच मॉडेलच्या पट्ट्या त्याने परवा इंटरनेटवर विकल्या. माझ्या चांगल्या विकल्या आणि स्वतःचं भंगार माझ्या गळ्यात मारलं. गेनाऊ, अगदी असंच झालंय."

"आणि लग्न?"

"चोराला मुलगी देऊ?"

मी त्यांना समजावलं की रीतसर तक्रार एकदा नोंदली की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सही ठोकली. पट्ट्या पुरावा म्हणून जमा केल्या, पिशवीला सील लावलं आणि मुलाला जबाबासाठी बोलावलं.

मुलगा वेळेवर आला. गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील आणता येईल, हे सगळं मी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. तो ताठ बसून होता. म्हणाला, "पट्ट्या मी बदलल्या नाहीत. विकल्या त्या माझ्या स्वतःच्या गाडीच्या जुन्या. आणखी काय सांगू? ज्यांनी तक्रार केली, त्यांनाच विचारा." त्याला रागापेक्षा अपमान जास्त झोंबला होता. असा माणूस चौकशीत फार अवघड. त्याला स्वतःला वाचवायचंही नसतं.

मी विषय बदलला. म्हटलं, मला गाड्यांतलं काही कळत नाही, क्रोमवरचे खड्डे घालवतात कसे?

"खड्डे जातच नाहीत," तो म्हणाला, "जातो तो गंज. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवायची आणि हलक्या हाताने घासायची. मग पॉलिश, मग वरून मेण. खड्डा तिथेच राहतो, पण जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसत नाही." एवढं बोलताना तो पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकला.

माझा अनुभव असा, की लबाड माणूस आरोपावर भरभरून बोलतो आणि कामाबद्दल विचारलं की चाचपडतो. इथे सगळं उलट होतं. पण माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, सरकारी वकील त्याला विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. मी मराठीत विचारत होतो, ती सगळं समजून जर्मनमध्ये उत्तरं देत होती. रडून रडून आवाज बसला होता. "तो काम करताना प्रत्येक तुकड्याचे फोटो काढतो, आधीचे आणि नंतरचे. पण तुम्हाला द्यायला तयार नाही. म्हणतो, ज्यांना माझा शब्द पुरत नाही त्यांना फोटो कशाला? मी पाठवते. त्याला सांगू नका."

फोटो आले. मी पिशवीचं सील उघडलं, पट्ट्या दिव्याखाली ठेवल्या आणि भिंग घेतलं. उमेदीच्या काळात मी बोटांचे ठसे ताडून बघायचं काम केलं होतं, तीच सवय उपयोगी पडली. फोटोत एका टोकाला तीन खड्डे त्रिकोणात होते आणि जरा पलीकडे एक लांबट. माझ्यासमोरच्या पट्टीवर तेच चार खड्डे, त्याच जागी. दुसरी पट्टी घेतली, तिचंही तसंच. फरक इतकाच, की खड्डे रुंदावले होते आणि त्यात ताजा गंज फुलला होता. म्हणजे पट्ट्या बदललेल्या नव्हत्याच. त्याच पट्ट्यांना कुणीतरी काहीतरी लावलं होतं.

पट्टी उलटी केली. मागच्या खाचेत एक तपकिरी धागा चिकटून वाळला होता. चिमट्याने काढला आणि बघतच राहिलो. माझी आई तांब्याचा हंडा घासायची, तेव्हा मोरीत असलेच धागे पडायचे. चिंच! अरे देवा, म्हटलं, हे काम आपल्याच माणसाचं.

मी तक्रारदाराच्या घरी गेलो. गृहस्थ ऑफिसात होते. दार त्यांच्या आईने उघडलं. नातीच्या लग्नासाठी बाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांच्या अधिकृत जबाबाला शपथ घेतलेला दुभाषी लागतो, म्हणून मी नुसती ओळख सांगून बसलो. मराठी पोलीस बघून त्यांना कोण आनंद झाला! चहा आला. देवघरात समई झगझगत होती.

"मावशी, समई झकास आहे. कशाने घासता?"

"चिंच आणि मीठ. बाजारच्या पुडीला ती सर नाही."

"आणि गाडीच्या पट्ट्या?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुला कुणी सांगितलं रे?"

"कुणी नाही. तुम्हीच सांगा."

"नात बसणार त्या गाडीत. म्हटलं, आपल्याही हातचं काही असावं. सगळी बाहेर गेली होती. चिंच-मीठ चोपडून रात्रभर ठेवलं, तांब्याला ठेवते तसं. सकाळी बघते तर सगळं लालेलाल! धुतलं, पुसलं, होतं तसं गुंडाळून ठेवलं. म्हटलं, लग्न पार पडू दे, मग सांगेन. आमच्या याचा राग तुला ठाऊक नाही."

"लग्न का थांबलंय, ते माहीत आहे का?"

"हॉलचं काही बिनसलंय म्हणाला. ही सगळी भांडतात जर्मनमध्ये, मला काय कळतंय त्यातलं!"

तांब्याला उजळवणारं आंबट-खारट क्रोमच्या खड्ड्यांतून खालच्या लोखंडाला गंजवतं, इथपासून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या उठल्याच. "त्या पोराला पोलिसात बोलावलं? माझ्यापायी? चल, मला आत्ताच्या आत्ता त्याच्याकडे घेऊन चल." आणि खरंच वहाणा घालायला लागल्या. कसंबसं त्यांना खाली बसवलं.

पुढे दुभाष्यासमोर रीतसर जबाब झाला. तक्रार देणारे गृहस्थही आईशेजारी होते, मान खाली घालून. एवढंच म्हणाले, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकून घेतलं असतंस?" त्या म्हणाल्या.

कागद सरकारी वकिलाकडे गेले, गुन्हाच नाही म्हणून प्रकरण बंद झालं. गृहस्थ होणाऱ्या जावयाच्या घरी गेले आणि दारातच माफी मागितली. मुलाने त्यांना आत घेतलं, कॉफी दिली. पट्ट्या परत नेऊन पुन्हा घासल्या, आणि या वेळी आजीबाईंना शेजारी बसवून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण फॉइल कशी धरायची ते त्या पटकन शिकल्या. पट्ट्या बसवून झाल्यावर त्याने गाडीची चावी सासऱ्यांच्या हातात ठेवली. "गाडी तुमची आहे," तो शांतपणे म्हणाला, "आम्ही ट्रामने जाऊ."

लग्न झालं. नवरी शालू नेसून ट्रामने नोंदणी कार्यालयात आली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला आजी. वडील त्या चकचकीत गाडीतून मागोमाग आले, एकटेच. मला आमंत्रण होतं, म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलं. मुलाने त्यांना वाकून नमस्कारही केला. पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

आम्ही पोलीस प्रकरण बंद करतो आणि आपलं काम झालं असं समजतो. ज्याच्यावर संशय घेतला, त्याचं काय होतं ते बघायला थांबत नाही. त्या लग्नानंतर मात्र मी एक सवय लावून घेतली, ती निवृत्तीपर्यंत सोडली नाही. कुणी घरच्याच माणसाचं नाव घेऊन तक्रार द्यायला बसलं, की पेन हातात देण्याआधी मी विचारायचो, "हा निर्दोष निघाला, तर त्याच्या दारात उभं राहून काय बोलाल?" असं विचारायला कायद्यात सांगितलेलं नाही. काहीजण माझ्यावर भडकले. काहीजण पेन न उचलताच कोट चढवून घरी गेले.