चाकावरचा आळ

मुलीला नववं वर्ष लागलं तेव्हा आमच्या घरी हॅमस्टर आला. नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक कुटुंब बदली होऊन मस्कतला चाललं होतं, त्यांनी पिंजऱ्यासकट आणून दिला. मुठीत मावेल एवढा, जायफळाच्या रंगाचा, पोटाशी पांढरा. मला उंदराच्या जातीतलं काही घरात नको होतं. पण आमचा फ्लॅट शारजातल्या अल नहदात, चौदाव्या मजल्यावर. कुत्र्याला बिल्डिंगची परवानगी नाही, मांजरानं नवऱ्याला शिंका येतात, आणि मुलगी एकुलती एक. शेवटी मी हो म्हटलं.

त्याच्याबरोबर आलेलं चाक जाळीचं होतं. जाळीत त्यांचे पाय अडकतात, असं मुलीनं कुठेतरी वाचलं. वाढदिवसाचे पैसे तिनं जपून ठेवले होते. एका शनिवारी आम्ही रोल्लाच्या बाजारात गेलो, तीन दुकानं पालथी घातली. ती प्रत्येक चाकात करंगळी घालून बघत होती. शेवटी कुठेही फट नसलेलं, आतून सलग असं एक चाक तिनं निवडलं. दुकानदार कंटाळून मला म्हणाला, "बेटी इंजिनियर बनेगी." मुलीनं ते चाक घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये माझी मैत्रीण राहायची. पुण्याची. सात वर्षांचा शेजार. माझे वडील गेले तेव्हा मला त्याच दुपारच्या विमानानं निघावं लागलं होतं. मुलगी तेव्हा चार वर्षांची. पाच दिवस ती हिच्याकडे राहिली, हिच्या हातून जेवली, हिच्या कुशीत झोपली. मी परत आले तेव्हा हिनं मला काही विचारलं नाही, नुसता वरणभात वाढला. त्यानंतर तिच्या दाराची बेल वाजवायची माझी सवयच गेली, सरळ आत जायचे. मुलगी तिला मावशी म्हणायची. मला सख्खी बहीण नाही, तेव्हा मावशी एवढी एकच.

गेल्या वर्षी स्प्रिंग ब्रेकमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलीला घेऊन मी बारा दिवस नाशिकला जाणार होते. नवऱ्याची साइट उम्म अल कुवैनला, घरी परतायची वेळ कधीच नक्की नसते. मैत्रीण आपणहून म्हणाली, "आण तो पिंजरा माझ्याकडे. एवढं काय त्यात?" मुलीनं वहीच्या पानावर सूचना लिहून दिल्या: पाणी रोज बदलणे, काकडी एकच चकती, झोपलेला असताना उठवू नये. मैत्रिणीनं ते पान फ्रिजवर मॅग्नेटनं लावलं.

त्याची नखं तेव्हा वाढलेली होती, हे मला माहीत होतं. हातावर घेतला की टोचायची, टॉवेलच्या धाग्यात अडकायची. या आठवड्यात बघू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत मी ते लांबवत होते. ती चूक माझी.

परत आलो त्या दुपारी सामान दारात टाकून मुलगी सरळ समोरच्या घरात पळाली. मी मागोमाग गेले, हातात आईनं तिच्यासाठी निवडलेली साडी आणि चिवड्याची पिशवी. मैत्रीण पिंजऱ्यापाशी उभी होती. हॅमस्टर कोपऱ्यात बसला होता आणि पुढचा डावा पंजा पोटाशी धरून होता. त्या पंज्याचं एक बोट सुजून लाल झालं होतं, आणि बाकीच्यांपेक्षा आखूड दिसत होतं.

"अगं, चाकात अडकलं त्याचं बोट," मैत्रीण म्हणाली. "चार दिवस झाले. मी आवाज ऐकून धावले म्हणून, नाहीतर काय झालं असतं. हळद लावली, पुसून घेतलं. ते चाकच चांगलं नाही बघ."

"मला फोन का नाही केलास?"

"तू आईजवळ होतीस ना. तुला कशाला टेन्शन द्यायचं?"

माझे डोळे भरून आले. मी तिला जवळ घेतलं, साडी तिच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात भिशीला सगळ्या माझ्याकडे जमल्या, तेव्हा तिनं ती हकीकत पुन्हा सांगितली, थोडी वाढवूनच. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ही नसती तर तो वाचला नसता." हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं.

मुलगी मात्र आलो त्याच दुपारी पिंजरा उचलून तिच्या खोलीत गेली होती. त्या संध्याकाळी बघते तर पिंजऱ्यात चाक नाही.

"कुठे गेलं चाक?"

"आय थ्रू इट. इन द गार्बेज रूम."

"अगं, का?"

"इट वॉज माय व्हील, आई. आय चोज इट."

मी तिला समजावलं की असं होतं कधीकधी, तू मुद्दाम थोडंच केलंस. आज कळतं, मी तिचा दोष पुसला नाही, फक्त माफ केला. दोन आठवडे ती त्याला हातात घेत नव्हती. लांबून काकडी सरकवायची आणि सॉरी म्हणायची. चाक नसल्यामुळे तो रोज पिंजऱ्याचे गज कुरतडत बसायचा, ती कानावर हात ठेवून अभ्यास करायची. तिच्या वर्गशिक्षिकेनं मला मेसेज केला की मुलगी वर्गात लक्ष देत नाही, घरी काही झालंय का. मी लिहिलं, प्रवासाचा थकवा असेल.

बोट भरून येईना, तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर केरळची, माझ्याच वयाची, हिंदी बोलणारी. तिनं त्याला छोट्या टॉवेलात गुंडाळलं, डोकं आणि एक पाय बाहेर ठेवला, आणि दिव्याखाली धरून बघितलं. मग दुसरा पुढचा पंजा बघितला, मग मागचे दोन्ही.

"नेल्स किसने काटे?" तिनं विचारलं.

"किसी ने नहीं. व्हील में फँस गया था," मी म्हटलं.

तिनं मला जवळ बोलावलं. चारही पायांची नखं आखूड होती, आणि सगळी एकसारखी सरळ कापलेली. झिजलेलं नख असं नसतं, ती म्हणाली, ते टोकाला निमुळतं असतं. हे मोठ्या माणसांच्या नेलकटरनं कापलेलं आहे. त्याच्या दोन पात्यांमध्ये एवढंसं नख नीट दिसतच नाही. त्यातलं एक नख कापताना त्यानं पाय ओढला असेल, आणि नखाबरोबर बोटाचं टोकही गेलं. चाक कसं होतं, असं तिनं विचारलं. सलग होतं, फट नव्हती, मी म्हटलं. मग बोट अडकणार कुठे, ती म्हणाली.

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. "सो इट वॉजंट द व्हील?" तिनं डॉक्टरला विचारलं.

"नो, स्वीटहार्ट. नॉट द व्हील."

मुलगी रडली नाही. खुर्चीवर बसली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. सात वर्षांत मैत्रिणीनं सांगितलेली कुठलीही गोष्ट मी दोनदा तपासून बघितली नव्हती.

डॉक्टरनं जखम स्वच्छ केली, औषध दिलं, आणि मग मुलीला उठवून शेजारी उभं केलं. पुढच्या वेळी तू करशील, म्हणाली. तो झोपेतून उठून, खाऊन शांत झाला की घ्यायचा. टॉवेलात गुंडाळायचा, पण छाती दाबायची नाही, त्याला श्वास घेता आला पाहिजे. एका वेळी एकच पाय बाहेर. नख उजेडासमोर धरलं की आत गुलाबी रेघ दिसते, ती त्याची रक्ताची शीर. तिच्यापासून बरंच लांब, नुसतं वळलेलं टोक छाटायचं. कात्री छोटी, धारदार. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरायची. तो धडपडायला लागला की सोडून द्यायचं, उरलेली नखं उद्या. मुलीनं विचारलं, "व्हॉट इफ आय मेक अ मिस्टेक?" डॉक्टर म्हणाली, "देन यू कम अँड टेल मी."

घरी आल्यावर मुलीला खोलीत पाठवलं आणि समोर गेले. त्या दिवशी मी बेल वाजवली. मैत्रीण पोळ्या करत होती, तिनं गॅस बारीक केला. मी डॉक्टरचं बोलणं सगळं सांगितलं.

तिनं लाटणं पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "नखं किती वाढली होती बघितलंस का तू? माझ्या पडद्यात अडकून लटकत होता. तूच काढायला हवी होतीस."

"हो, काढायला हवी होती. पण मला खरं का नाही सांगितलंस?"

"घाबरले गं. रक्त थांबेना. तू काय म्हणशील असं वाटलं."

एवढ्यावर ती थांबली असती तर मी तिथेच तिचा हात धरला असता. चूक कोणाकडूनही होते, मीही उद्या करीन. मी विचारलं, "मग माझ्या मुलीसमोर चाकाचं नाव का घेतलंस? तिनं पैसे साठवून घेतलेलं चाक. दोन आठवडे ती स्वतःला दोष देतेय. तू रोज तिला लिफ्टमध्ये बघत होतीस."

"लहान मुलं विसरतात," ती म्हणाली. "आणि एका उंदरासाठी तू माझ्याशी असं बोलणार? तुझे बाबा गेले तेव्हा हिला कोणी सांभाळलं?"

तिनं सांभाळलं होतं, ते खरंच होतं. पण ती गोष्ट कधी अशी पुढे केली जाईल, असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "मुलीला येऊन खरं सांग, एवढंच." ती म्हणाली, "बघू." मी दार ओढून घेतलं.

ती आली नाही. आठवड्याभरानं भिशीच्या ग्रुपमधल्या एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही त्या प्राण्याकडे लक्षच देत नव्हता म्हणे, नखं कोयत्यासारखी झाली होती म्हणे. तेव्हा मला समजलं की हकीकत आता दुसऱ्या बाजूनं सांगितली जातेय. मी कोणाला काही समजावायला गेले नाही. नवरा म्हणाला, "विषय खलास कर आता. किती दिवस डोक्यात ठेवणार?" त्याचं बरोबर होतं. तरी तिच्या घरातून फोडणीचा वास आला की मी दाराखालच्या फटीला पायपुसणं सरकवायचे. संताप होताच, पण तिची आठवणही तेवढीच यायची, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

मैत्रीण आली ती महिन्याभरानं, नारळाच्या वड्या घेऊन. मुलीला म्हणाली, "सॉरी बाळा, मावशीचं चुकलं." मुलगी नीट उभी राहिली, दोन्ही हातांनी डबा घेतला आणि म्हणाली, "इट्स ओके, आंटी." मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकला. आम्ही तिघी बसून चहा प्यायलो, शाळेबद्दल बोललो. आजही बोलतो, सणाला ताटं जातात-येतात. पण मी बेल वाजवते.

बोट आखूडच राहिलं, पण जखम भरली. नवं चाक मुलीनं निवडायला नकार दिला, तेव्हा मीच जाऊन अगदी पहिल्यासारखं आणलं. पहिल्यांदा नखं काढली तेव्हा मी त्याला धरलं आणि तिनं कात्री. एका बैठकीत दोन नखं झाली, बाकीची सहा दिवसांत.

या उन्हाळ्यात गावाला जाताना पिंजरा नवव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या मल्याळी जोडप्याकडे ठेवला. आजोबांना मी सगळं दाखवलं आणि शेवटी म्हटलं, "अंकल, कुछ भी हुआ तो मुझे सच बताना."

"कुछ नहीं होगा, इन्शाल्ला," ते म्हणाले.

"हुआ तो," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं, आणि खिशातून फोन काढून माझा भारतातला नंबर लिहून घेतला.