राजाच्या घरात सुपारी

खून, दरोडे, जाळपोळ यांचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळायला लागले आहेत. पण एका राजाच्या चोरीचा तपास मला अजून काल झाल्यासारखा आठवतो. फिर्यादी, संशयित, साक्षीदार सगळे आपलेच होते, म्हणून नावं सांगणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा मी गुजरातच्या पोलिसांत राहिलो आणि फिरत फिरत सुरतेला एका ठाण्याचा फौजदार झालो. मराठी फौजदार म्हटल्यावर गावातली सारी मराठी भांडणं माझ्याच टेबलावर यायची. त्या रविवारी सकाळी मराठी मंडळींच्या बुद्धिबळ स्पर्धेचे चिटणीस धापा टाकत आले. बँकेत कारकून, इस्त्रीचा सदरा, हातात अर्ज.

"साहेब, राजा चोरीला गेला!"

माझे हवालदार सुरती. त्यांनी डायरीतून मान वर केली. "राजा चोराई गयो? कया गामनो?"

"पटावरचा हो! काळा राजा! कलम लावा, साहेब."

मी त्यांना आधी पाणी दिलं. पाणी पिणारा माणूस फार वेळ ओरडू शकत नाही, हे नोकरीतलं माझं पहिलं शिक्षण.

प्रकरण असं होतं. स्पर्धा दरवर्षी माईंच्या खाणावळीतल्या पुढच्या खोलीत व्हायची. माई धुळ्याकडच्या. बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसे, पण खेळाडूंना चहा फुकट आणि आवाज चढवणाऱ्याला हाताला धरून बाहेर, असा त्यांचा कारभार. अंतिम डाव होता आप्पा आणि तात्या यांच्यात. आप्पा मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. स्पर्धा त्यांनीच सुरू केलेली, लाखेच्या सोंगट्यांचा संचही त्यांनीच दिलेला. तात्या पांडेसऱ्याच्या एका डाइंगमध्ये रंगखात्यावर मुकादम, खानदेशचा. मनगटापर्यंत हात कधी निळे, कधी गुलाबी. त्याला पटावर बसवलं तेही आप्पांनीच. तेव्हापासून दोघांची रोजची झुंज.

शनिवारी संध्याकाळी डाव रंगात आला असताना तात्या उठला. "रातपाळीनी वेळ झाली, मास्तर. उद्या पुरा करू." खेळी त्याचीच होती. चिटणिसांनी पटावर भाजीची मोठी टोपली उपडी घातली. सकाळी ती उचलली तर आप्पांचा राजा गायब, आणि त्या घरात एक सुपारी!

"चोरानं आपली थट्टा केलीय," चिटणीस म्हणाले.

हवालदारांनी व्यवहारी तोडगा काढला. "तो सुपारीथी रमी लो ने!"

"प्यादं हरवलं तर सुपारी चालते. राजाला बदली नाही. आप्पांचाच नियम आहे." मग खुर्ची पुढे ओढून ते हलक्या आवाजात म्हणाले, "आणि साहेब, चोर कोण ते उघड आहे. आप्पा हरत होते. पहाटे खोलीत त्यांना माईंनी पाहिलंय. संध्याकाळी सभा बोलावलीय. आप्पांचं नाव स्पर्धेतून काढायचं आणि तात्याला विजेता जाहीर करायचं."

इथं मला हसू आवरावं लागलं आणि काळजीही वाटली. कारण सोमवारी सकाळच्या भुसावळच्या गाडीनं आप्पा सुरत कायमची सोडून नागपूरला मुलाकडे निघाले होते. गावातल्या निम्म्या मराठी पोरांना अक्षर शिकवलेला माणूस सोंगट्याचोर ठरून गाडीत बसणार होता. चोरी चार आण्यांची, पण अब्रू जन्माची. सभेच्या आत राजा सापडायला हवा होता.

मी खाणावळीत गेलो. पंचनाम्याची ऐट केली, कारण खाकी गणवेश वाकून पट पाहू लागला की बघ्यांची जीभ सैल होते. माई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"आप्पा आले होते. पटाशी उभे राहिले, टोपलीवरनं हात फिरवला, गेले. त्याला चोरी म्हणतात होय? मग माझ्या गाईवर हात फिरवणारे सगळे गाईचोरच!"

"आणखी कोण आलं होतं?"

"सकाळच्या चहाला कोण येत नाही? पाळी सुटलेले सगळे. तात्या आला, चिटणीस आले, तुमचे हवालदारसुद्धा आले. त्यांनी पोहे दोनदा घेतले."

हवालदार छताकडे पाहू लागले.

मी सुपारी उचलून पाहिली. साधी, अख्खी. पण ती घराच्या बरोबर मधोमध ठेवलेली होती आणि शेजारची एकही सोंगटी हललेली नव्हती. थट्टा करणारा पट उधळतो. चोर घाईत असतो. इथं घेणाऱ्यानं डाव मोडू नये म्हणून काळजी घेतली होती. म्हणजे माणूस खेळाडू, आणि डावावर माया असलेला. एवढं कळलं, पण त्यानं आप्पा सुटत नव्हते. उलट अधिकच अडकत होते.

मग मी एक युक्ती केली. बुद्धिबळात मला घोडा अडीच घरं जातो यापलीकडे फारसं गम्य नव्हतं. ठाण्यात दुसरा एक पट मांडला आणि चिटणीस, आप्पा, तात्या अशा तिघांना एकेक करून आत बोलावलं. सगळ्यांना एकच काम: काल डाव थांबला तेव्हाची मांडणी लावून दाखवा.

चिटणीस पंच होते. त्यांनी डोकं खाजवत, दोनदा चुकत मांडणी लावली. "आप्पांची बाजू पडकी होती, साहेब. त्याहून जास्त मला कळलं नाही."

आप्पांनी चष्मा पुसला आणि भराभर सोंगट्या ठेवल्या. तीच मांडणी. मग आपल्याच राजावर बोट ठेवून म्हणाले, "मेलाय हा. तात्याची पुढची खेळी, आणि मात. तीही प्याद्याची."

प्याद्यानं दिलेली मात जुन्या खेळाडूंत सगळ्यात मानाची. मी विचारलं, "तात्याला ती दिसली नसेल?"

"फौजदार, मी शिकवलंय त्याला," आप्पा दुखावून म्हणाले. "न दिसायला काय झालं?"

शेवटी तात्या आला. त्यानंही सोंगट्या झटपट लावल्या. मी तिन्ही मांडण्या मनात ताडून पाहिल्या. सगळं जुळत होतं, फक्त एक प्यादं सोडून. तात्याचं स्वतःचं पांढरं प्यादं एक घर मागे होतं.

"तात्या, हे प्यादं इथंच होतं?"

"हां, साहेब."

"नक्की?"

त्याचे निळे हात टेबलाखाली गेले. आयुष्यभर मी स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी खोटं बोलणारी माणसं पाहिली. स्वतःचा विजय लपवण्यासाठी खोटं बोलणारा हा पहिलाच. आणि मग शनिवार आठवला. मात समोर दिसत असताना ज्याला पाळीची वेळ आठवते, त्याला तो डाव जिंकायचाच नसतो.

मी दार लोटलं. "तात्या, आप्पांची झडती घ्यायचं सभेत ठरतंय. तुझी कोणी घेणार नाही. तू जिंकणारा."

त्यानं झटक्यात मान वर केली. "मास्तरनी झडती? का बरं?" सकाळी चहा पिऊन तो घरी जाऊन झोपला होता, आळ कोणावर आलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काळा राजा माझ्या टेबलावर उभा केला. राजा चौकशीभर ठाण्यातच बसला होता!

"मास्तर जाई ऱ्हायना, साहेब. कायमना," तो म्हणाला. "त्यासनाच नियम से. डाव अर्धा ठेवीसन गाव सोडानं नही."

हा नियम साऱ्या गावाला माहीत होता. त्यापायी आप्पा पोटच्या मुलाच्या साखरपुड्याला एक दिवस उशिरा पोचले होते.

"राजा नही तं मात नही. मात नही तं मास्तर जात नही," तात्या म्हणाला. एवढा सरळ जबाब मी पुन्हा कधी लिहून घेतला नाही. हाही घेतला नाहीच. डायरीत हवालदारांनी माझ्या सांगण्यावरून 'वस्तू मिळून आली, तक्रार नाही' अशी नोंद केली.

संध्याकाळी सभेत मी राजा ठेवला. "कोणी नेला होता?" चिटणिसांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत तात्या उभा राहिला. "मी." खोलीत एकदम कुजबुज झाली. आप्पांनी चष्मा सारखा केला आणि पट पुढे ओढला.

"बस," ते म्हणाले. "खेळी तुझी आहे."

"मास्तर, मी नही..."

"मला मात द्यायची सोडून सुपारी देतोस? गाढवा, खेळ!"

तात्यानं प्यादं सरकवलं. प्यादेमात. आप्पांनी टाळी दिली, माईंनी डोळ्यांना पदर लावला आणि कोणी पाहिलं नाही असं समजून चहा टाकायला गेल्या.

लोक उठू लागले, तर आप्पा पुन्हा सोंगट्या लावत बसलेले. दोघांच्या चार-सहा खेळ्या झाल्या. मग सगळ्यांच्या देखत आप्पांनी आपला काळा राजा उचलला, कोटाच्या खिशात घातला आणि त्याच्या घरात तीच सुपारी ठेवली.

"मास्तर, गाडी सकाळनी से," तात्या म्हणाला. "आणि डाव अर्धा..."

"अर्धा कुठं ठेवतोय? माझा अर्धा बरोबर नेतोय. राजाला बदली नाही, लक्षात ठेव. दुसऱ्या कोणाशी हा डाव पुरा केलास तर बघ."

गुन्ह्याचा फायदा कोणाला, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. या प्रकरणानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: कोणाला काय गमावायचं नाहीये? त्यानं पुढे माझे कितीतरी तपास मार्गी लागले.

दर थंडीत पोंकाच्या, म्हणजे सुरती हुरड्याच्या दिवसांत आप्पा सुरतेला यायचे, खिशातून राजा काढायचे, दोघं एखाददुसरी खेळी करायचे आणि राजा परत खिशात जायचा. वर्षभर माई त्या सुपारीवरची धूळ पुसायच्या. भर सभेत, फौजदाराच्या डोळ्यांदेखत झालेली ती राजाची दुसरी चोरी. त्या संध्याकाळी हवालदार माझ्या कानाशी लागले होते, "साहेब, नोंध करुं?"

"आधी चहा घ्या," मी म्हणालो. त्यांनी दोनदा घेतला.