सुनामीच्या आधी आमची गाडी

मुकुंदवाडीहून पहाटे निघताना आमच्या ह्यांनी नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली. कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढणारा हा माणूस, आणि निघालो होतो पायी पळण्याची तालीम बघायला!

कोकणात माझी थोरली बहीण, आक्का, असते. समुद्र तिच्या परसाला लागून. सुनामीचा इशारा आला तर गाव रिकामं कसं करायचं, याची तिथं रंगीत तालीम होती. गाड्या काढायच्या नाहीत, पाखाडीनं (चढणीची दगडी पायवाट) डोंगरावरच्या देवळापर्यंत चालत जायचं. आक्काचा एक पाय पक्षाघातानं ओढतो. तिचा मुलगा सुहास यानं बजावलं होतं, "वेळेत पोचलीस तर राहा इथं. नाहीतर घराला कुलूप." म्हणून बाई काठी टेकत रोज चढायचा सराव करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गरम घावन (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढले. ह्यांचा हात काही थांबेना. तेवढ्यात भोंगा वाजला. आक्का काठी घेऊन निघालीसुद्धा.

"चालत कशाला? गाडी हाय ना!" हे ओरडले.

"अहो, गाडी काढायची नाय म्हणलेत."

"ते इथल्या लोकांसाठी. आपण पाहुणे!"

पाहुण्यांना सुनामी आधी चहा विचारते की काय, देव जाणे! मला गाडीत बसवून, आक्काला मागं टाकून हे पाखाडीकडं जाणाऱ्या बोळात शिरले आणि दोन्हीकडच्या गडग्यांत (दगडी कुंपण) गाडी अशी अडकली की दारं उघडेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खं गाव गाडीवर चढून बॉनेटवरून पलीकडं उतरलं. एका आजोबांनी काचेवर टकटक करून विचारलं, "पाहुणे, ब्रेक लावलाय ना नीट?"

आक्काला मात्र चढता येईना. ती गाडीमागं उभीच राहिली.

स्वयंसेवक मुलगी आली. "आक्का, वेळ संपली. तुम्ही वाहून गेलात."

देवळापाशी थांबलेला सुहास खाली आला. "अरे, ही गाडी नसती तर मी..." आक्का म्हणाली.

"खऱ्या सुनामीतही कुणाची तरी गाडी असेलच, आई."

पोराचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

सुहासच्या पुण्याच्या फ्लॅटवर ती जाईना, म्हणून आमच्याकडं यायचं ठरलं. तिनं घराला कुलूप लावलं. ह्यांनी मोठ्या मनानं तिला पुढची सीट दिली.

आमच्या शहरात शिरलो आणि क्रांती चौकात गर्दीत अडकलो. पुढं रिक्षा, मागं टेम्पो, चहूकडून हॉर्न.

"बघा आक्का," हे म्हणाले, "इथं समुद्राची भीती नाय. बिनघोर राहा."

आक्का पुढच्या रिक्षाकडं बघत होती.

"विलासराव, मला उतरवा," ती ह्यांना म्हणाली. "चालत गेले तर मी पोचते."