शिवणीतली माया

"लढाईचं मागून बोलू. आधी पोट आत घे."

शिंप्याने मेहुण्याच्या कमरेला फीत लावली आणि मान हलवली. मेहुणा फौजेत. दाजींना समजावून भरतीला न्यायचं, म्हणून मुद्दाम रजा काढून आला होता. पण दुकानाची पायरी चढताना वर्दीच्या पँटचं बटण तुटलं, मागची शिवण फाटली, आणि समजावणारा टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसला. टॉवेलातल्या माणसाचा धाक तो किती वाटणार?

शिंप्याला आमची गल्ली 'हो मास्तर' म्हणायची. जन्मात कुणाला 'नाही' म्हणाला नाही. उद्या देता का? हो. कापड कमी आहे, भागेल का? हो. यातलं वेळेवर काही मिळालं, असं सांगणारा माणूस अजून भेटायचाय. तर लढाई पेटली, धडधाकट बाप्यांना बोलावणी आली, आणि हा पठ्ठ्या भरतीच्या हापिसात जाऊन 'नाही' म्हणून आला. न जाणाऱ्याला दोन वर्षं तुरुंग. उद्या सकाळी गाडी न्यायला येणार होती. आयुष्यात हा एकच शब्द पाळायचं त्याने मनावर घेतलं होतं.

मेहुण्याने आधी बांगड्या भरायला सांगून बघितलं. त्यावर बहीण आतूनच म्हणाली की बांगड्यांच्या हातांनीच चूल पेटलीय, जेवायचं असेल तर जीभ आवर. मग त्याने सूर बदलला.

"घाबरता म्हणा ना सरळ, दाजी."

"घाबरतो की. उंदीर दिसला तर तुझ्या ताईला हाक मारतो, विचार तिला. पण भिणारेही जातातच लढायला. मला माणूस मारायचा नाही. इकडचा नाही, तिकडचाही नाही."

"मग मारू नका. तिथं शिंपीही लागतात. इथंच घरी बसून नुसत्या वर्द्या शिवा."

हे मात्र शिंप्याला मोहात पाडणारं होतं. घर राहील, मशीन राहील, लेक डोळ्यांसमोर राहील. त्याने कात्री घेतली. पँट उलटी केली आणि मागची शिवण उसवत गेला. अंगावरचा कपडा पुढेमागे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. शिंप्याने बोट घालून ती शोधली, चष्मा पुसून पुन्हा शोधली.

"मायाच ठेवली नाही रे," तो म्हणाला. "यातला माणूस वाढेल, सुटेल, म्हातारा होईल, हे शिवून घेणाऱ्याच्या मनातच नाही. असलं मी नाही शिवणार."

मेहुण्याने टॉवेलावरून ओघळलेल्या पोटाकडे बघितलं.

"मी सुटलोय की," तो हळूच म्हणाला.

"तेच तर. तुझं पोट बघून जिवाला बरं वाटतं. असाच सुटत राहा."

खाकी कापड दुकानात नव्हतं. पडद्याचा निळा तुकडा होता, त्याची कळी, म्हणजे तिकोनी जोड, मागे बसवली. सदरा बाहेर सोडला तर दिसत नव्हती. पण फौजेत सदरा आत खोचतात, हे दोघांनाही नंतर आठवलं. मेहुणा जेवला, लढाईचा विषय काही त्याने पुन्हा काढला नाही. निघताना एवढंच म्हणाला, की ताईकडे मी बघेन.

शिंप्याने लेकीचा फ्रॉक हातात घेतला. बायकोने शिवण चाचपून बघितली.

"एवढी माया? फुगलाय नुसता."

"दोन वर्षं पुरायला हवी. पोर वाढेल तशी उसवत जा."

ती चुलीकडे वळली, आणि पेटलेलीच चूल फुंकत बसली.

तेवढ्यात समोरच्या न्हाव्याने दारातून डोकं घातलं आणि रोजचंच विचारलं: "मास्तर, माझा सदरा उद्या मिळेल ना?"

"नाही," शिंपी म्हणाला. न्हावी दचकलाच.

"बसा तिथं. आत्ता देतो."

आणि त्याने पायडलवर पाय ठेवला.