केनच्या घळीतले सतरा दगड

मोरे काका दगड हातात आला की आधी तो जिभेला लावत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. "कोरडा दगड रंग लपवतो, बेटा," ते म्हणाले आणि तो ओला तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. मळकट वाटणारा दगड चक्क गुलाबी होता.

आम्ही हिंदी मुलखातल्या कंपू नावाच्या मोहल्ल्यात त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. काका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मी फारशी कुणाशी बोलत नसे, आणि इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना ऐकणारं कुणी हवं होतं.

विषय बहुधा एकच, केन नदीची घळ. तरुणपणी त्यांनी तिथून सतरा दगड आणले होते. गुलाबी ग्रॅनाइट जमिनीखाली खोल, तापलेल्या शिलारसातून सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. मग त्याला भेगा पडल्या आणि खालून काळा रस चढून त्यांत गोठला. हिरवट झाक त्यानंतरची, पाणी मुरून खनिजं बदलली त्याची. "लोक म्हणतात, नदीने रंग दिले. अरे, नदी तो कल आयी है. तिने फक्त कापून दाखवलं."

प्रत्येक दगडावर चिकटपट्टी होती, तिच्यावर क्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे वहीत लिहिलेलं, तो कड्यात नेमका कुठून काढला ते. क्रमांक गेला की दगडाची खडी झाली, असं ते म्हणत. कॉलेजच्या संग्रहालयाने ते दगड मागितले होते. काकांना विसर पडू लागला होता, म्हणून त्यांना घाई होती.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या सुनेने, वृंदावहिनींनी, मला दगडांवरची धूळ झटकायला सांगितलं. छान दिसावेत म्हणून मी ते साबणाच्या पाण्यात भिजवले. थोड्या वेळाने पट्ट्या पाण्यावर तरंगत होत्या. घाबरून मी त्या फेकून दिल्या आणि दगड पुसून जागेवर ठेवले.

दोन दिवसांनी काकांनी ते पाहिलं. बराच वेळ एकेक दगड उलटत राहिले. वहिनी म्हणाल्या, "बाबा, अंदाजाने लिहून द्या ना, कौन देखने वाला है."

"अंदाजाने मी कधी काही लिहिलेलं नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "पट्ट्या मीच काढल्या असणार. मला आठवत नाही."

मी जिना चढून वर निघून गेले.

त्यानंतर त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. आपण जेवलो का, हेही ते वहिनींना विचारत. एकटे फिरायला जाणं बंद झालं. संग्रहालयाला त्यांनी नाही म्हणून कळवलं. तेव्हा मला काय वाटत होतं, सांगता येणार नाही. बहुधा काहीच वाटत नव्हतं.

थंडी वाढल्यावर एका सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज कापत होता. काकांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं सांगितलंस, बेटा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पट्ट्या मीच काढल्या ना?"

मी पुन्हा सांगितलं. मग रोजच. रोज ते सुटल्यासारखे हसत. माझा आवाज कापायचा थांबला. पुढे पुढे तर मी पोहे खाता खाता सांगू लागले.

इस्पितळात, ज्या दिवशी ते गेले त्या सकाळी, त्यांनी विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग न विचारताच सांगितलं.