जहाज दिसतंय का?

अंदमानातल्या आमच्या या लहानशा बेटावर ‘लाइट गेली’ असं कुणी म्हणत नाही, ‘जहाज नाही आलं’ म्हणतात. जनरेटरचं डिझेल जहाजानं यायचं; ते लांबलं की अंधार. मग सगळे समुद्राकडे बघत बसायचे.

आता जनरेटर मोडीत गेला आणि नारळांची बाग तोडून तिथे सौर पॅनेल बसली. बरंच झालं, त्या धुरानं आमच्या भिंतीसुद्धा खोकायच्या बाकी होत्या. पण गेले कित्येक दिवस आभाळ गच्च आहे. आज दुपारी पंखा थांबला. शेजारच्या मिनतीदी दारात आल्या. आत त्यांच्या नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं, आणि जोडलेला सिलिंडर संपत आला होता.

“जहाज दिसतंय का?” त्यांनी सवयीनं विचारलं.

“दीदी, आता वीज उन्हानं येते.”

त्यांनी वर पाहिलं. आभाळ सगळीकडे सारखंच काळं होतं. वाट बघायलाही माणसाला एक दिशा लागते, हे मला तेव्हा कळलं.

मिनतीदी पुन्हा समुद्राकडे वळल्या. थोड्या वेळानं मीही वळलो. कुठेतरी बघायला तर हवंच होतं.